तांदळातलं नाव

हेमांगीच्या नादाला सहसा कुणी लागत नाही. बोईसरच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात ती बावीस वर्षं बाटल्यांवरची लेबलं तपासते आणि सुपरवायझरसुद्धा तिच्याशी जपूनच बोलतो. पण तिची खरी कीर्ती त्याच्याही आधीची. लग्नात नवऱ्याने, पंढरीने, ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, प्रियदर्शिनी. हेमांगीने ते ताट उचललं, थेट चुलीपाशी नेलं, तांदूळ धुतले आणि भात टाकला. सासूने कपाळाला हात लावला. पंढरी भला माणूस, तो हसत जेवायला बसला. बाई आजतागायत हेमांगीच आहे.

तर अशी ही बाई त्या रविवारी एडवणला माहेरी निघाली ती पदर खोचूनच. भाऊ भावेशला लग्नानंतर सात वर्षांनी मुलगी झाली होती आणि आज तिचं बारसं होतं. गेल्या वर्षी वारलेल्या आईचं नाव ठेवायचं, यावर दोघा भावंडांचं एकमत होतं. भांडण होतं ते नाव कसं लिहायचं यावरून. आई होती वच्छला. भावेशने पत्रिकेवर छापलं वत्सला.

"वच्छला कसा दिसते गं? शाळेत पोरं चिडवतील," तो फोनवर म्हणाला होता. "शुद्ध नाव वत्सलाच हाय."

हेमांगीला ते फार झोंबलं. आई पन्नाशीत प्रौढांच्या साक्षरता वर्गाला जायची, तेव्हा गुरुजींनीही तिला पाटीवर वत्सला लिहून दिलं होतं. आईने ते पदराने पुसलं. "माज्या बापाने ज्या नावाने हाक मारली तेच लिवून द्या," ती म्हणाली. "नायतर माजा अंगठा हाय." गुरुजींनी मुकाट लिहून दिलं. पुढे कितीतरी दिवस आई वाडीत पानवेलींना पाणी घालता घालता काडीने मातीत ती तीन अक्षरं गिरवत बसायची. त्या अक्षरांना आता अशुद्ध म्हणायचं? हेमांगी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

पाळण्यावर सोनेरी कागदाची अक्षरं चिकटवली होती, वत्सला. हेमांगीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि तो कुणाच्या बापाला काढून घेता येत नाही. ती वाकली, कानात नाव सांगितलं, मग सरळ उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वच्छला."

नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. बायकांचे उगारलेले हात तसेच राहिले. सगळ्याजणी भावेशकडे बघू लागल्या. शेवटी शेजारच्या लाडकीकाकूने पहिला धपाटा घातला. "आत्याने सांगितला तो सांगितला," काकू म्हणाली आणि मग बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले.

पाहुणे जेवायला बसल्यावर भावेश ग्रामपंचायतीचा अर्ज घेऊन माजघरात आला. जन्माच्या नोंदीत नाव घालायचा अर्ज. "तू कानात काय सांगायचा ते सांग," तो म्हणाला. "कागदावर वत्सलाच जाईल."

"घाल. मी दर रविवारी येऊन तिला वच्छलाच म्हणेन. बघू पोर कुणाला ओ देते."

कोपऱ्यात रूपल बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. भावेशची बायको. सात वर्षांत तिने या घरात आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"ताई, मला दोघांपैकी कुणी विचारलात?"

"विचारायचा काय त्यात? आईचा नाव हाय," हेमांगी म्हणाली.

"तेव्हाही नाय विचारलात. मी भावना होते. तांदळात रूपल लिवला यांनी, पण नाव तुमी सुचवलेला."

खरं होतं ते. भावेशने विचारलं होतं आणि हेमांगीनेच हौसेने सांगितलं होतं, रूपल ठेव, छान दिसतं. स्वतःचे तांदूळ शिजवून खाणाऱ्या बाईने दुसरीच्या ताटात नाव वाढलं होतं आणि सात वर्षं तिला त्याची खंतही वाटली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

"चुकला माजा," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून पंढरीनेही कधी ऐकले नव्हते. मग तिने जड जिवाने भावेशच्या हातून अर्ज आणि पेन घेतलं आणि वहिनीपुढे ठेवलं. "तू लिव. वत्सला लिवलास तरी मी बोलणार नाय."

बाळाच्या आईचं नाव, या रकान्यात रूपलने आधी लिहिलं, भावना.

"अगं, तिथे..." भावेश म्हणाला.

"आधार कार्डावर मी अजून भावनाच हाय."

मग तिने बाळाच्या नावापुढे सावकाश लिहिलं, वच्छला.

"घरात कुणी नसला की आई मला भावनाच म्हणायच्या," ती म्हणाली. "तुमच्यादेखत नाय. तुमाला वाईट वाटेल म्हणून."

भावेश बाहेर गेला आणि पाळण्यावरची सोनेरी अक्षरं उचकटू लागला. हेमांगी वहिनीसमोर पाठ करून बसली.

"भावना," तिने हाक मारली, "तुजा धपाटा राहिला."

भावनाने तो हात राखून मारला नाही.