माझ्या तारणाच्या मागे लागलेला देवदान

देवदान गेल्याचा फोन आला तेव्हा मी विश्रांतवाडीच्या मंडईत मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होतो. महिना झाला त्याला. फोन त्याच्या बायकोचा, मार्थावहिनींचा. "भाऊ, हे प्रभूकडे गेले." आणि माझ्या मनात आधी काय यावं? बघा, जातानाही प्रचार! सांगायला लाज वाटते, पण तीस वर्षं त्या माणसाकडे मी संशयानंच बघत आलो.

खडकीच्या कारखान्यात आमची मशिनं शेजारी-शेजारी. तो ख्रिस्ती, सुटीच्या दिवशी चर्चच्या मंडळीतर्फे घरोघर जाऊन सुवार्ता सांगणारा. मी बौद्ध, आम्हाला कुणी तारायची गरज नाही, हे आमचं बाळकडू. त्याचं म्हणणं, तारण फक्त येशूकडून, चांगुलपणानं ते मिळत नाही. "म्हणजे मी कितीही सरळ वागलो तरी गेलो खड्ड्यात?" मी विचारायचो. डबा उघडत तो म्हणायचा, "माझ्या वागण्यावर मीसुद्धा नाही सुटणार रे. फुकट मिळतं ते, म्हणून तर सांगत सुटतो." फुकट म्हटलं की माझे कान टवकारायचे. पुण्यात फुकट कुणी पत्तासुद्धा सांगत नाही!

मग माझ्या बायकोचं, शांताचं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. देवदान रोज संध्याकाळी डबा घेऊन हजर. एकदा मी औषधं घेऊन येतो तर हा तिच्या उशाशी डोळे मिटून पुटपुटतोय. माझं टाळकंच सरकलं. "आजारी माणूस बघून गळ टाकतोस होय रे?" सगळ्या वॉर्डासमोर म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तो डबा आत पाठवून स्वतः बाहेरच्या बाकावर बसायला लागला. तिथंही तेच करत असणार, मला खात्री होती.

शांता बरी झाली आणि मला नवा घोर लागला. त्यांच्यात साक्ष द्यायची पद्धत असते. देवानं काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. हा आता शांताचं दुखणं तिथं चमत्कार म्हणून खपवणार! रंगेहाथ पकडायचाच, म्हणून रविवारी त्यांच्या चर्चमध्ये जाऊन मी मागच्या बाकावर बसलो. झालं! नवा माणूस विश्वासात येतोय, म्हणजे ख्रिस्ती होतोय, असं समजून दोन बायकांनी माझ्या हातात गीतांचं पुस्तक दिलं, एक आजोबा पाठीवर हात फिरवून गेले. पाळकांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, पुकारलं, "देवदान, त्या आजारी बहिणीची साक्ष द्या." तो उठला. त्यानं मला पाहिलं नव्हतं. "ती साक्ष माझी नाही, तिची आहे. तिला वाटलं तर ती सांगेल," म्हणाला आणि बसला. पाळकांचा चेहरा उतरला. पुढं घरोघर जाणाऱ्यांतून त्याला वगळलं, असं कानावर आलं. मी तिथं होतो हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. उलट मनात म्हटलं, लांबचा डाव असेल.

शेवटचा भेटलो तेव्हा त्याला धाप लागत होती. तरी मी विचारलंच, "खरं सांग, मी मित्र होतो का तुझा, की नुसतं गिऱ्हाईक?" "दमलो रे आता," एवढंच तो म्हणाला. हे काय उत्तर झालं? तेच घेऊन मी महिनाभर फिरत होतो.

परवा वहिनींकडे गेलो. त्याच्या खोलीत पलंगाशेजारी भिंतीला एक कागद चिकटवलेला. रोज पहाटे ज्यांच्या तारणासाठी प्रार्थना करायची, त्यांची नावं. विश्वासात आलेल्यांची खोडलेली. माझं सगळ्यात वर, न खोडलेलं, शाई पुसट झाली म्हणून पुन्हापुन्हा गिरवलेलं. म्हणजे माझा संशय खरा होता! "बघा, शेवटपर्यंत सोडलं नाही ना मला!" हसत म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "नाही सोडलं, भाऊ. तुमच्या नावाशी यांना नेहमी वेळ लागायचा."

मला कुणी तारायला नको, हे आजही तसंच आहे. पण जिना उतरताना अर्ध्यात थांबलो, परत वर गेलो आणि वहिनींना विचारलं, "आता पहाटे माझं नाव कोण घेणार?"