पळणाऱ्या ओळी
सोल्डरचा धूर नाकात गेला की मला लोणंदचा तो पत्र्याचा शेड आठवतो. तिथं त्या धुरात बाजारातल्या कांद्याचा उग्र वास मिसळलेला असायचा. विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायची पेटी आम्ही तिथं बनवायचो आणि तिच्या आतला प्रोग्रॅम मी लिहायचो. तो बिल्डला, म्हणजे पेटीला कळेल अशा रूपात बदलायला लावला की कोणती फाइल झाली, कोणती चालू आहे, अशा ओळींचा स्क्रीनवर पूर यायचा आणि कामाची एखादी सूचना त्यात वाहून जायची. एका दुपारी मी ती सगळी बडबड बंद केली. स्क्रीनवर इशाऱ्याची एकच पिवळी ओळ उरली आणि तिच्यामुळं कळलं, की विहीर आटली तरी आमची पेटी मोटर बंद करणार नव्हती. ती चूक काढून मी पुन्हा बिल्ड लावला. तेवढ्यात मालक आटपाडीच्या गिऱ्हाइकांना शेड दाखवत आले. माझी रिकामी स्क्रीन बघून ते ओशाळले आणि सगळ्यांना शेजारी बसणाऱ्या पोराच्या टेबलाकडं घेऊन गेले. तिथं ओळी धो धो पळत होत्या. "ह्ये बघा, ह्याला म्हणत्यात काम." गिऱ्हाइकं गेल्यावर मला म्हणाले, "गड्या, पयल्यासारखं कर." मी सापडलेली चूक सांगितली. "व्हय, पण लोकास्नी दिसाय पायजे." दिवाळीनंतर शेजारचा पोरगा नोकरीत कायम झाला, मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. आता मी साताऱ्यात दुसरीकडं नोकरीला आहे. एकटा असलो की स्क्रीन शांत ठेवतो. खुर्चीमागं इथल्या साहेबांची चाहूल लागली, की सगळ्या ओळी पुन्हा पळायला सोडतो.