कोपऱ्यातली नऊ फुलं

यंदाच्या हिवाळ्यात माझ्या दहावीतल्या मुलीची गणिताची वही शाळेतून तपासून आली. वहीत बारा उदाहरणं होती आणि बाराही बरोबर होती. मी पुन्हा एकेक करून पाहिली. तरी शेवटी सरांनी लाल पेनने लिहिलं होतं, "शनिवारी फळ्यावर सोडवून दाखव." अमरावतीच्या गणित स्पर्धेसाठी शाळेतून चार मुलं जाणार होती. तीन नावं ठरली होती. चौथं फळ्यावर ठरणार होतं.

"तूच सोडवली न ही?" मी विचारलं.

"हो. म्हणजे, फोनवर पाहून."

तिने काही लपवलं नाही. उदाहरणाचा फोटो काढायचा, अ‍ॅप पायऱ्या दाखवतं, त्या उतरवायच्या. सगळ्या पायऱ्या तिला पाठही होत्या.

गुरुवारी संध्याकाळी मी, बायको आणि मुलगी ताटाभोवती तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "तोंडी सांग. एक्सचा वर्ग अधिक सहा एक्स बरोबर चाळीस."

"दोन्हीकडे नऊ मिळवायचे."

"काहून?"

"सहाचे निम्मे तीन, तिनाचा वर्ग नऊ."

"नऊच कसे, ते सांगितलं तू. पण मिळवायचे काहून, कशासाठी?"

"अ‍ॅपमध्ये आहे म्हणून."

मला हसू आलं. हे उत्तर मीही एकदा दिलं होतं. तेव्हा अ‍ॅपच्या जागी पुस्तक होतं, एवढंच.

मी शाळेत असताना अकोल्यात जठारपेठेमागे आमच्या गल्लीत एक काकू शिकवणी घ्यायच्या. त्यांच्या घरचा फुलांचा मळा होता. संध्याकाळच्या आत हार तयार लागत, म्हणून बीएस्सी झालेल्या काकू दुपारी चार ते साडेपाच ओसरीवर झेंडूचे हार ओवत आणि त्याच वेळात आम्हा सहा जणांना गणित शिकवत. हातात सुई-दोरा असल्यामुळे आमच्या वहीत त्या कधी पाहतच नसत. सगळं गणित बोलून दाखवावं लागे. एक पायरी सांगितली, की त्यांचं ठरलेलं "काहून?" येई. उत्तर पटलं तर पुढचं फूल ओवलं जाई. नाही पटलं तर सुई थांबे. बाकीचे पाच जण मग माझ्याकडे पाहत. झेंडूचा तो उग्र वास आला की अजूनही मला कोणीतरी काही विचारेल असं वाटतं.

"पुस्तकात आहे म्हणून," मी म्हणालो होतो.

"पुस्तकाले मी नाही इचारलं बापा. तुले इचारून राहिली."

हा किस्सा माझ्या घरी सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मुलीने सोललेली शेंग खाली ठेवली आणि म्हणाली, "मग तुमीच सांगा न बाबा. नऊ काहून?"

निम्म्याचा वर्ग मिळवायचा, हे मला झोपेतही सांगता येतं. का, ते आठवेना. इतक्या वर्षांत मला ते कोणी विचारलंच नव्हतं.

"थांबली वाटते सुई," बायको म्हणाली.

मुलीने हात पुसून फोन घेतला. आजवर तिने अ‍ॅपला फक्त उदाहरणं दिली होती. काहून असं विचारलं नव्हतं. तिने विचारलं, तर पडद्यावर एक चित्र आलं. एक चौरस, त्याच्या दोन बाजूंना दोन पट्टे, आणि पट्ट्यांच्या मध्ये रिकामा कोपरा.

तो कोपरा पाहिला आणि मला ओसरी दिसली. काकूंनी परडीतली फुलं फरशीवर मांडली होती. चार ओळी, ओळीत चार. "हा वाफा. आता दोन बाजूंनी तीन-तीन ओळी वाढव. सोळा, बारा, बारा. चाळीस झाले न? अन् हा कोपरा पाहा, उघडाच हाय." आम्ही त्यात नऊ फुलं भरली होती. सात बाय सातचा पुरा चौरस झाला होता.

मी ताटात तुरीचे दाणे तसेच मांडू लागलो.

"सोले भाजीत टाकाचे हायेत, गणितात नाई," बायको म्हणाली. पण ताट तिनेच माझ्याकडे सरकवलं. कोपऱ्यातले नऊ दाणे मुलीने स्वतः ठेवले. मग वही न उघडता तिने तीन उदाहरणं बोलून दाखवली. दर पायरीला मी काहून विचारलं. एकदा बायकोनेही विचारलं.

शनिवारी शाळेतून आल्यावर दप्तर खांद्यावर असतानाच तिने सगळं सांगितलं. सरांनी दिलं होतं एक्सचा वर्ग अधिक आठ एक्स बरोबर वीस. तिने सोळा मिळवले. "का?" सरांनी विचारलं. तिने फळ्यावर वाफा काढला. वर्ग हसला, सर हसले नाहीत. पुढे छत्तीस, सहा, दोन असं भराभर करून तिने खडू खाली ठेवला.

"दुसरं उत्तर?" सर म्हणाले.

"वाफ्याची बाजू उणे कशी असंल, सर?"

"वाफ्याची नसंल. समीकरणाचं उत्तर असते."

तिने पुन्हा खडू उचलला, उणे दहा लिहिलं, आणि ताळा करून पाहिला. शंभर उणे ऐंशी, वीस. जुळलं.

"मग?" बायकोने विचारलं.

"लिहिलं नाव. चौथं. पण पेपर असता तर गुण कापले असते, म्हणाले."

ते ऐकलं आणि त्या दुपारचा शेवट मला आठवला. काकूंनी फुलं परडीत परत भरताना म्हटलं होतं, "हे फुलाचं उत्तर झालं. दुसरं वहीत शोधा." साडेपाच वाजले होते, मी चपला घालत होतो. त्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. काकूही नाहीत.

मी मुलीला ते वाक्य सांगितलं. तिने दप्तर उतरवलं.

"हे गुरुवारी आठवाचं होतं न बाबा."