परतीची वेळ लिहिल्याशिवाय

बस डेपोच्या टाइमकीपरबाईंना तोंडावर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे वेळबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सव्वीस वर्षं त्या फाटकाजवळच्या खिडकीत बसत होत्या. गाडी बाहेर पडली की वहीत नोंद, आत आली की नोंद. परत यायची वेळ लिहिल्याशिवाय कुठल्याही गाडीच्या कागदावर सही व्हायची नाही, असा डेपोचा नियम होता. नव्या साहेबांनी एकदा ‘राहू द्या हो’ म्हणून पाहिलं. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे असं काही बघितलं की साहेबांनी कानाला खडा लावला.

अशा बाईंना सत्तेचाळिसाव्या वर्षी डोंगरांचं वेड लागलं. चार वर्षांत त्या गिर्यारोहण क्लबात मुरल्या, बर्फावर चालायचं शिक्षण घेऊन आल्या आणि बर्फाच्या भेगेत पडलेल्या माणसाला दोरानं वर कसं काढायचं हे झोपेतही सांगू लागल्या. झोपेत खरोखरच सांगायच्या, अशी त्यांच्या नवऱ्याची तक्रार होती.

यंदा क्लबानं एक भलतीच अवघड खिंड धरली होती. अलीकडून हिमनदी चढून माथ्यावर जायचं, पलीकडे साठ मीटरची बर्फाची भिंत दोरानं उतरायची आणि खालच्या भेगांमधून वाट काढत पुढच्या खोऱ्यात पोचायचं. एकाच दोराला बांधून जाणारी माणसं पाच. चौघं ठरलेली होती. पाचव्या जागेसाठी दोघं होती: बाई आणि दातांचे डॉक्टर. डॉक्टर चाळिशीतले, खांद्यांनी रुंद आणि बूट असे महागडे की बाकीचे त्यांच्याकडे आधी पायांपासून बघत.

क्लबाचे म्होरके एका शाळेत व्यायाम शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर म्हणाले, “दोघांनीही आपापला आराखडा करून आणा. रविवारी बघू.”

झालं, बाईंनी घर डोक्यावर घेतलं. पाठीवरच्या पिशवीत डेपोतल्या रद्दीच्या वह्या भरून चौदा किलो वजन केलं आणि इमारतीचे पाच मजले चढायला-उतरायला सुरुवात केली. तळमजल्यावर खुर्ची टाकून सासरे घड्याळ घेऊन बसत. त्यांना या कामात भारी गोडी लागली.

“सूनबाई, मघापेक्षा अकरा सेकंद जास्त लागले,” ते जाहीर करत.

“बाबा, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बोलायला थांबल्या.”

“मग तिथे थांबा लिहू?”

“लिहा!”

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो दुकानातून आला की जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला आणि बाई पट्टी घेऊन त्यावर वाकलेल्या. “ताट ठेवायला ही हिमनदी जरा सरकवतेस का?” असं तो विचारायचा. बाई हसायच्या, पण नकाशा काही सरकायचा नाही. मग तो ताट मांडीवर घेऊन जेवायचा आणि नकाशात डोकं घालून चार प्रश्नही विचारायचा.

रविवारी क्लबाच्या खोलीत सगळे जमले. डॉक्टरांचा आराखडा रंगीत, छापलेला. तो झकास होता, हे बाईंनीही कबूल केलं. त्यांचा स्वतःचा कागद म्हणजे डेपोचा छापील तक्ताच होता. थांब्यांच्या रकान्यात त्यांनी हिमनदीचे टप्पे घातले होते. पहाटे तीनला तळावरून निघायचं, सात वीसला माथा, आठ दहापर्यंत भिंत. सगळं जिथल्या तिथे. मास्तरांनी कागद उलटला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“बाई, हे काय? भिंतीखालून परत माथा, माथ्यावरून परत तळ?”

“परतीची वेळ,” बाई म्हणाल्या.

“अहो, आपण परत कुठे येतोय? पलीकडे उतरायचं आणि गाडीत बसून घरी जायचं!”

खोलीत एकच हशा पिकला. सव्वीस वर्षांच्या सवयीनं बाईंचा घात केला होता. हात आपोआप परतीच्या रकान्यात गेला होता आणि एकदा गेला म्हटल्यावर त्यांनी तो रकाना इमानेइतबारे भरलाही होता. जागा हातची गेली, असंच त्यांना वाटलं. पेन काढून त्या खाडाखोड करायला पुढे झाल्या. मास्तरांनी कागद दिला नाही.

“थांबा. इथे लिहिलंय, आठ दहानंतर परत नाही. का?”

“आठ दहानंतर निघालो तर उतरेपर्यंत अलीकडच्या उतारावर ऊन येतं. भेगांवरचे बर्फाचे पूल मऊ होतात, माणूस पेलत नाहीत. आणि भिंतीवरून दोर खाली ओढून घेतला की वर चढायचा रस्ताच बंद. म्हणून मी लिहिलंय, आधी एकानंच उतरायचं, खालच्या भेगांतून वाट आहे का बघायचं, शिट्टी द्यायची. तोवर बाकीचे वर. आठ दहापर्यंत शिट्टी आली नाही तर त्याला वर घ्यायचं आणि मागे फिरायचं. परतीच्या दोन दिवसांचं खाणं आणि इंधन धरलंय.”

हसू कधीच थांबलं होतं. मास्तरांनी डॉक्टरांचा रंगीत आराखडा पुन्हा चाळला. त्यात भिंत होती, दोर होता, पण वाट नसेल तर काय, हे नव्हतं. “माझ्याही डोक्यात नव्हतं,” मास्तर सरळ म्हणाले. “पलीकडचं खोरं दिसलं की मला बाकी काही दिसत नाही.”

डॉक्टर माणूस दिलदार. ते म्हणाले, “बाईंचाच आराखडा घ्या. आणि बाई तळावर वायरलेस घेऊन बसल्या तर आम्ही अगदी निर्धास्त!”

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बाईंना पुढचं सगळं दिसलं. कागद जाणार वर आणि आपण पुन्हा खिडकीत.

“नाही,” त्या म्हणाल्या. आवाज जरा मोठाच निघाला. “सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांना जाताना लिहिलं, येताना लिहिलं. एवढ्या गाड्या सोडल्या, त्यातल्या एकीतही मी नव्हते. मला जायचंय. माथ्यावर उभं राहून पलीकडे काय आहे ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.”

मास्तरांनी दाढी खाजवली.

“बरं, एक सांगा,” ते म्हणाले. “आठ दहा झाले. शिट्टी नाही. पण समोर खोरं दिसतंय आणि मी म्हणतो, अजून दहा मिनिटं थांबू. मी किती हट्टी आहे ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा काय करणार?”

“मला दोरावर कुठे बांधणार?”

“बांधलंच तर मधे.”

“मग मी खाली बसेन,” बाई म्हणाल्या. “अशी बसेन की हलणार नाही. जा मग कुठे जायचं ते!”

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. डॉक्टरांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि बाईंच्या पाठीत एक सणसणीत शाबासकी दिली. डोळे पुसून मास्तरांनी तक्ता भिंतीवर टेकवला, दोरावरच्या माणसांच्या रकान्यातल्या पाचव्या, रिकाम्या चौकटीत ‘वेळबाई, मधे’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.