जावेच्या वाट्याचा बांध

माझं माहेर कल्याणच्या वरच्या अंगाला, नदीकाठी. तिथं विहिरीचं पाणी गोडं. लग्न होऊन कोपरीला आले तेव्हा पहिल्याच सकाळी चूळ भरली आणि तोंड वाकडं करून थुंकून टाकली. शेजारी माझी जाऊ उभी होती, थोरल्या दिरांची बायको. ती हसली नाही. म्हणाली, "या पान्यानं भांडी घासाची. प्यायाचा पानी तलावावरशी आनायचा. चल, वाट दावते तुला." सासरच्या घरात माझ्याशी नीट बोललेलं ते पहिलं माणूस.

माझ्या माहेरी जेवणाच्या वेळा सूर्यावर चालायच्या, इथं खाडीवर. ओहोटी लागली की पुरुष कामाला उतरत, म्हणून भाकऱ्या त्याआधी व्हायला हव्यात. चैत्रात माहेरी उन्हाच्या झळा लागत. इथं दुपारी खाडीवरून वारा सुटे, पण तो अंगावर चिकटून राही, आणि विळीला दोन दिवस तेलाचा हात लागला नाही की गंज चढे. पावसाळ्यात आम्ही भात लावायचो आणि दिवाळीनंतर मिठागरात जायचो. जे खाडीचं पाणी भातात येऊ नये म्हणून चार महिने जागायचं, तेच पुढं वाफ्यांत घेऊन उन्हात आटवायचं. मिठाच्या राशींवर सरकारी शिपाई उभा असे. आम्ही पायांनी तुडवून पिकवलेलं मीठ, पण त्यातलं मूठभरही पदरात बांधता येत नसे.

भात आणि खाडी यांच्यामध्ये होता फक्त एक मातीचा बांध. गावाच्या कडेनं लांबवर गेलेला. प्रत्येक घराला त्याचा एक वाटा नेमून दिलेला होता. तो तुकडा त्या घरानं राखायचा. आमचा वाटा वळणावर होता, जिथं भरतीचं पाणी थेट येऊन आपटायचं. सासरे रोज त्यावरून अनवाणी चालत. माती कुठं मऊ लागते ते पायाला कळतं, असं म्हणत.

माझ्या लग्नाला दोन पावसाळे झाले होते. भादव्यातली अमावास्या. भात पोटरीत, लोंब्या फुटायच्या बेतात आलं होतं. अमावास्येचं उधाण आमच्याकडे भर दुपारी चढतं, आणि त्या दिवशी वाराही खाडीच्या तोंडाकडून जोरात होता. आम्ही दोघी जावा अंगणात होतो. बांधावरून हाक आली.

"पानी आयला! बांद फुटला!"

गाव धावलं. आमच्याच वळणावर भगदाड पडलं होतं. पुरुष त्यात उतरले आणि खांद्याला खांदा लावून उभे राहिले, म्हणजे पाण्याचा जोर मोडावा आणि त्यांच्या पाठीमागं चिखलाचे ढेपे रचता यावेत. आम्ही बायका हातोहात ढेपे पोचवत होतो. कुणी पेंढा आणला, कुणी घराचं दार काढून आणलं. माझा नवरा रांगेच्या मध्यात होता, थोरले दीर कडेला. ती कडच ढासळली. बांधाचा मोठा तुकडा त्यांच्या अंगावर आला, रांग तुटली आणि पाणी एकदम आत घुसलं. बाकीच्यांना हाताला धरून ओढून काढलं. ते दिसले नाहीत.

ओहोटी लागल्यावर ते सापडले. खाडीत नव्हे, आमच्याच भातात, आडव्या झालेल्या रोपांत अडकलेले. जाऊ त्यांच्याजवळ बसली आणि त्यांच्या केसांतला चिखल बोटांनी काढत राहिली. तिला उठवायला कुणी पुढं झालं नाही.

आत शिरलेलं पाणी उघाडीच्या वाटेनं, म्हणजे बांधातलं दार उघडून, ओहोटीला बाहेर सोडलं. पाणी गेलं, खार मात्र मागं राहिला. चारपाच दिवसांत भात शेंड्याकडून पांढरं पडत गेलं.

तेराव्यानंतर गाव देवळासमोर बसलं. गाव ज्याची जमीन कसायचं त्या शेतमालकाचा कारभारी आला होता. त्याचं म्हणणं, जमीन आता खारी झालीच आहे, तर बांध कशाला भरता, सगळ्याचीच मिठागरं करा. अर्ध्या गावाला ते पटलं होतं. ज्यांना भात हवं होतं त्यांनी बांध पुन्हा वाटून घ्यायचं ठरवलं. एक म्हातारे म्हणाले, "वलनावरचा वाटा आता दुसऱ्या घराला द्या. त्यांच्याकडचा एक हात कमी झाला."

सासरे मान खाली घालून बसले होते. बायकांत बसलेली माझी जाऊ उठली.

"तो वाटा मी भरीन."

"बाईचा काम नाय तो, पोरी," म्हातारे म्हणाले. "कमरेइतक्या चिखलात उभा ऱ्हावा लागतं."

"मिठागरात मी चिखलच तुडवते ना? तवा कोन बोलत नाय, ही बाई हाय म्हनून."

मग सासऱ्यांनी मान वर केली. "माझी सून बोलते तसा व्हईल," एवढंच म्हणाले.

त्या हिवाळ्यात दर ओहोटीला ती बांधावर गेली, आणि मी तिच्याबरोबर. माझा नवराही येई, पण त्याला मिठागरातही राबायचं होतं. ती खाली उतरून ढेपे कापायची, मी वर रचायचे. ती घरी रडली नव्हती. एके दिवशी बांधात खेकड्याचं बीळ दिसलं. किती खोल गेलंय ते पाहायला तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तशीच मातीला गाल लावून राहिली. मग मला तिचं रडणं ऐकू आलं. मी तिला हात लावला नाही. बऱ्याच वेळानं भरती लागली.

"बाय, पानी आयला," मी म्हटलं.

तिनं हात बाहेर काढला, बिळात माती ठासून भरली आणि वर चढून आली.

पुढच्या पावसाळ्यात खार धुऊन निघावा म्हणून पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडून धरायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं, पुन्हा कोंडायचं, पुन्हा सोडायचं, असं चाललं. त्या वर्षी लावलेलं भात गुडघ्याएवढं होऊन जळालं. मी माहेराहून पांढऱ्या भाताचं बी आणून पाहिलं, ते तर रुजलंच नाही. पुढच्या साली इथलंच तांबडं, कुसळाचं, खार सोसणारं भात कुठं कुठं धरलं. त्याच्या पुढच्या साली शेत भरलं. तोवर पलीकडच्या सगळ्या शेतांचे मिठाचे वाफे होऊन गेले होते. आगगाडीच्या पुलावरून पाहिलं तर पांढऱ्या राशींमध्ये आमचा हिरवा पट्टा तेवढा दिसायचा.

कापणी झाल्यावर सासऱ्यांनी जावेला समोर बसवलं. डोंबिवलीकडच्या एका शेतकऱ्यानं तिला पाटासाठी, म्हणजे दुसऱ्या लग्नासाठी, विचारलं होतं. त्याची बायको वारली होती, माणूस चांगला होता.

"तू माझी लेक हायेस," ते म्हणाले. "या घरात जन्म काढू नको."

"आन बांद कोन बगेल?"

"धाकली हाय ना."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती मला बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घेऊन गेली. कुठं माती बसते, कुठं पाणी पाझरतं, कुठं खेकडे फार, सगळं सांगत. जिथं दीर उभे होते तिथं ती बोलायची थांबली नाही, पण चाल तिची हळू झाली.

पाट लागून ती गेली त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी बांधावर गेले. एका जागी कड खचली होती. खाली उतरून मी ढेपा कापला. वर घ्यायला कुणी नव्हतं. तो डोक्यावर ठेवून, एक हात बांधाला टेकत, मी वर चढले.