तीन बाटल्यांचे साहेब

"मी गिऱ्हाईक नाही. नमुना घ्यायला आलोय."

दुकानाची पायरी चढता चढताच साहेब हे सांगून मोकळे व्हायचे. मग ओळखपत्र काढून गल्ल्यावर ठेवायचे आणि ज्या मालाचा नमुना घ्यायचा त्याचे पैसे मोजून द्यायचे. चहा विचारला तर म्हणायचे, "घरून पिऊन आलोय." मी दहा वर्षं विचारला. दहा वर्षं ते घरूनच पिऊन आले.

संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावर माझं किराणा दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. साहेब म्हणजे अन्न निरीक्षक. भेसळ पकडणं हे त्यांचं काम. हातात पत्र्याची पेटी, तिच्यात कोऱ्या बाटल्या, सुतळी, लाख आणि मेणबत्ती. नमुन्याचे तीन सारखे भाग करायचे, तीन बाटल्यांना लाखेचं सील लावायचं. एक बाटली सरकारी प्रयोगशाळेला, एक स्वतःकडे, एक दुकानदाराला. लाखेनं त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायम पोळलेली असत.

हे सगळं पंचासमोर करावं लागे. पण पंच मिळतोय कुठं! साहेबांची पेटी दिसली की भल्याभल्यांना घरची कामं आठवायची. मी मात्र सही करायचो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा केली ती भीतीपोटी, आपल्या डब्यांकडे त्यांची नजर वळू नये म्हणून. पुढं माणूसच आवडायला लागला.

त्यांची एक खोड मला भारी खटकायची. नमुना घेतला की ते दुकानदाराला बचाव शिकवत बसायचे. तुमची बाटली फोडू नका, प्रयोगशाळेचा अहवाल पटला नाही तर कोर्टाकडून ती वरच्या प्रयोगशाळेत पाठवता येते. माल घेताना बिलावर लेखी हमी घ्या, बंद डबा बंदच विका, मग दोष निघाला तर तुम्हाला वाचायला वाट आहे. हे असं सगळं, न विचारता.

एकदा मी म्हणालोच, "साहेब, तुम्ही पकडणारे की सोडवणारे? चोराला पळवाट दाखवताय राव."

"अहो, ज्या पुस्तकात शिक्षा लिहिलीय त्याच पुस्तकात बचाव लिहिलाय," ते म्हणाले. "मी अर्धंच पुस्तक कसं वाचू?"

तर आता बबनचं ऐका. बबन महाळुंग्याचा गवळी. सायकलच्या कॅरिअरला पितळी हंडा बांधून पहाटे निघायचा आणि कॉलनीत दूध घालायचा. हंड्याला बुडाशी तोटी बसवून घेतली होती. दुधात हात नको, माप बुडवणं नको, तोटी फिरवली की धार. त्या तोटीचा त्याला कोण अभिमान! फक्त एक पथ्य होतं. हंडा उभा राहिला की साय वर येते आणि खालून पातळ दूध येतं. म्हणून तो दर दारात आधी लांब पळीनं दूध ढवळायचा.

एका थंडीत, सकाळच्या शिफ्टची माणसं कंपनीत गेल्यावर, साहेब कॉलनीत आले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. तीन-चार दूधवाले सायकली दामटत पळाले, एकानं तर अख्खी किटली गटारात उपडी केली. साहेब त्याच्यामागे धावले, धापा टाकत हात हलवत परत आले. बबन तेवढा जागेवर उभा होता. माझ्या शेजारच्या पंक्चरच्या दुकानात ट्यूब चिकटवून घेत होता, हंडा तासभर ओट्यावर ठेवलेला. मी म्हणालो, "अरे, तू नाही पळालास?" तर म्हणाला, "पळायचं कशाला? माजं दूध हाय ते."

साहेब अजून धापाच टाकत होते. बबन चाक बसवण्यात गुंतलेला, म्हणून त्यांनीच तोटी फिरवली, भांडं भरलं, तीन बाटल्या केल्या, सील लावलं. मी नेहमीसारखी सही ठोकली. कागदावर छापलेलंच होतं की दूध नीट ढवळून एकजीव केलं आणि मग नमुना घेतला. वाचतो कोण?

अहवाल आला. दुधात स्निग्धांश कमी. म्हणजे कायद्याच्या भाषेत भेसळ, आणि भेसळीला कमीत कमी सहा महिने. बबनच्या हातातल्या बाटलीचाही उपयोग नव्हता, तिच्यातही तेच पातळ दूध. तो दुकानात येऊन बसला. अब्रूचं, पोटाचं काही बोलला नाही. म्हणाला, "सा म्हैने म्हस कोन पिळंल, भाऊ? माज्याबिगार दुसऱ्याला पान्हा सोडत न्हाई ती."

त्या वाक्यानं मला ती सकाळ लख्ख आठवली. पळी हंड्याच्या कानाला अडकवलेलीच होती. कुणी ढवळलं नव्हतं. आणि खाली सही माझी!

तारखेच्या आदल्या दिवशी साहेब दुकानावरून जात होते. मी हाक मारली, म्हटलं उद्याच्या साक्षीबद्दल बोलायचंय. त्यांनी हातानंच थांबवलं. "आज मला काही सांगू नका. तुम्ही काय पाहिलं ते कोर्टाला सांगा." आणि गेले. माझी मात्र पाचावर धारण बसली. खरं बोलावं तर सही खोटी ठरते, खोटं बोलावं तर बबन आत जातो.

दुसऱ्या दिवशी साहेबांची साक्ष आधी होती. मला बाहेर बसवलं होतं, पण दार उघडं होतं. बबनच्या वकिलानं दुधाच्या प्रत्येक खटल्यात विचारतात तो प्रश्न विचारला, नमुना घेण्यापूर्वी दूध ढवळलं होतं का? प्रत्येक खटल्यात "होय" उत्तर येतं आणि वकील पुढं सरकतो. हाही पुढचा कागद उलटायला लागला होता.

"नाही," साहेब म्हणाले. "चूक माझी आहे."

वकील गडबडला. त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. साहेबांनी तेच उत्तर पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. बाहेरच्या बाकावर माझा ऊर भरून आला, राव. आजवर त्यांच्या शेजारी इतक्या सह्या केल्या, पण असं मोठं झाल्यासारखं वाटलं ते त्या दिवशी. माझी पाळी आली तेव्हा मीही न वाचता सही केल्याचं सांगितलं, आणि न्यायाधीशांची बोलणी मुकाट्यानं खाल्ली.

बबन सुटला. साहेबांना वरून जाब विचारणारा कागद आला, आणि महिन्याभरात लांब मराठवाड्यात बदली झाली. आम्ही चिडलो, ते नाही.

बबनचं मात्र सुटूनही सुटलं नव्हतं. कॉलनीत लोक म्हणायचे, सुटला बाबा वकिलामुळे, पाणी घालतच असणार. साहेब निरोप घ्यायला दुकानी आले तेव्हा त्यानं सायकल आडवी लावली.

"सायेब, माजं दूध पुन्यांदा घ्या."

"बबन, तुझ्यावर आता केस नाही."

"म्हनूनच घ्या."

मी त्याला बाजूला ओढलं. म्हटलं, शहाणा असशील तर गप घरी जा, पुन्हा काही निघालं तर या खेपेला कुणी वाचवणार नाही. तो हलला नाही. साहेबांनी कॉलनीतल्या जमलेल्या सगळ्या बायाबापड्यांदेखत पळी तळापर्यंत घालून दूध ढवळलं, बाटल्या भरल्या, सील लावलं. मी कागदाची अक्षरन्‌अक्षर वाचून सही केली. दोन दिवसांनी ते गेले.

अहवाल त्यांच्या जागी आलेल्या नव्या निरीक्षकानं सांगितला. दूध अस्सल, उलट हवा त्यापेक्षा स्निग्धांश जास्तच. मी त्याच दुपारी साहेबांना पोस्टकार्ड टाकलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं:

"कोर्टात 'नाही' म्हणालो तेव्हा बबन खरा की खोटा, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या चुकीनं एखादा चोर तर सुटला नाही ना, या विचारानं इतके महिने घास गोड लागला नाही. तुमचं कार्ड आलं आणि आज पोटभर जेवलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला जाताना बबननं दुकानापाशी सायकल लावून ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्या दिवशी कॉलनीत दूध उशिरा पोचलं.