रेघ आपाची होती

कोल्हापूर स्टेशनवर मला सोडायला अब्बा आणि माझी थोरली बहीण, आपा, आले होते. अम्मा घरातूनच निरोप देऊन आत गेली होती. "मिरजेला गाडी बदल. पेटी स्वतः उचल, कुणाच्या हातात देऊ नगंस," अब्बा तिसऱ्यांदा सांगत होते. पेटीत दोन जोड कपडे, बंगलोरच्या खालासाठी, म्हणजे अम्माच्या बहिणीसाठी, शेंगदाण्याची चटणी आणि रेशमाचे चार तुकडे होते. आपा सहा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन खिडकीशी उभी होती. तिनं गजांतून हात घालून माझी ओढणी सारखी केली आणि हळूच म्हणाली, "पयल्या दिवशी हात थरथरला तर म्हण, परवासानं शिणलोय."

मी एकोणीस वर्षांची होते. त्या चार तुकड्यांवर मला काम मिळालं होतं, आणि त्यांच्यावरची एकही रेघ माझी नव्हती.

आमचं घर रंगाऱ्याचं. अब्बा फेटे आणि लुगडी रंगवायचे, दोऱ्यानं बारीक गाठी मारून बांधणी करायचे, आणि आम्ही बहिणी पंचगंगेवर कापड धुवायला जायचो. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण रंगाची किंवा कामाची गोष्ट निघाली की अब्बा मराठीत शिरायचे आणि आम्हीही. ती गिऱ्हाइकांची भाषा, धंद्याची भाषा. पुढं नायलॉन आलं, तयार रंगीत कापड आलं, आणि फेटा रंगवून घ्यायला माणसं सणासुदीलाच यायला लागली. त्याच सुमाराला शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाईंनी आम्हाला बाटिक शिकवलं. मेण वितळवायचं, ब्रशनं रेशमावर चित्र काढायचं, मग कापड रंगात बुडवायचं. मेण असतं तिथं रंग चढत नाही. अब्बांनी पहिल्यांदा नाक मुरडलं, मग तुकडा उजेडाला धरून बराच वेळ बघितला. "आमी दोऱ्यानं अडवतोय, तुमी मेणानं अडवताय. अडवायचं त्येच की," म्हणाले.

मेण आपा लावायची. गरम मेण ब्रशवर क्षणात थिजतं, थांबलं की डाग पडतो, घाई केली की ओघळतं. आपा थांबायची नाही आणि घाईही करायची नाही. कण्हेरीचं अख्खं झाड ती एका दमात उतरवायची. मी रंग बघायचे, तेवढं मला येत होतं. खालाच्या नवऱ्यानं आमचे तुकडे बंगलोरच्या एका कारखान्यात दाखवले. तिथल्या मालकीणबाईंचा निरोप आला, ज्या मुलीनं हे काढलंय तिला पाठवा.

आपाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, सासर दोन गल्ल्या पलीकडं. तिचा नवरा लेथवर कामाला होता. तो एवढंच म्हणाला, "बायकूला परमुलखात कामाला धाडायला मी काय मेलोय व्हय?" आपा चार दिवस आमच्याकडं फिरकली नाही. पाचव्या दिवशी तिनंच येऊन अब्बांना सांगितलं, "हिला धाडा. शिकंल ती." अब्बा माझ्याकडं बघून म्हणाले, "रंग तर तुझाच हाय की. रेघ बी यील."

रेघ आली नाही. पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी, तिथं सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मला ताणलेल्या रेशमासमोर बसवलं. प्रवासाचं कारण सांगून एक दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी पूर्ण साडीभर मेणाचे थेंब पडले. तिसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर उभी राहून मोडक्या हिंदीत सांगितलं की चित्र माझ्या बहिणीचं आहे, रंग माझा. त्या रागावल्या नाहीत. मला परत पाठवतील असं वाटलं होतं, तेही केलं नाही. मागच्या शेडकडं बोट दाखवलं.

मागच्या शेडमध्ये मेण काढायचं काम चालायचं. रंगवून वाळलेलं रेशीम वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये ठेवायचं आणि वरून इस्त्री फिरवायची. मेण कागदात उतरतं, कागद तेलकट होऊन आरपार दिसायला लागतो. एकामागून एक कागद बदलायचे. राहिलेलं मेण पेट्रोलमध्ये धुवायचं. त्या वासानं दुपारपर्यंत डोकं जड व्हायचं. बोटांची कातडी पांढरी पडून सोलायची, खांदा संध्याकाळी वर उचलायचा नाही. कन्नड अक्षरं मी त्या वर्तमानपत्रांवर शिकले. आजही कन्नड वाचताना मला पाठीमागच्या पानावरची उलटी अक्षरं दिसल्यासारखी वाटतात.

मॅडमना खरं सांगितलं, घरी मात्र सांगू शकले नाही. पहिल्या पत्रात लिहिलं, "मी ठीक आहे, चित्रं काढते." एकदा लिहिलं म्हणून दुसऱ्यांदा लिहावं लागलं. ईदला घरी जायचे तेव्हा हात ओढणीखाली ठेवायचे. अब्बा गल्लीत ज्याला त्याला सांगायचे, धाकटी रेशमावर चित्रं काढती, बंगलोरला. आपा तेव्हा आत निघून जायची. मला वाटायचं तिला काम असेल.

पाचव्या वर्षी अब्बा गेले. तार उशिरा मिळाली, मी तिसऱ्या दिवशी पोचले. आल्यागेल्या प्रत्येकानं मला हेच सांगितलं, तुझं लई कौतुक होतं त्यास्नी. मी मान खाली घालून ऐकत राहिले. मग खालानं माझं लग्न बंगलोरातच लावून दिलं. नवरा शिंपी, चांगला माणूस. मुलं झाली. ती दखनीत कन्नड मिसळून बोलतात. घरात मराठी बोलणारी मी एकटी, म्हणजे कुणाशीच न बोलणारी.

मला बंगलोरला येऊन नऊ वर्षं झाली तेव्हा खालाच्या मुलाच्या लग्नाला आपा आली. मला न सांगता, पत्ता विचारत, ती सकाळीच कारखान्यात येऊन उभी राहिली. पुढच्या खोलीत तिनं माझं नाव सांगितल्यावर कुणीतरी तिला मागं पाठवलं. मी इस्त्री फिरवत होते. मान वर केली तर दारात आपा.

"तू हितं काय करतीस?"

मी इस्त्री उभी केली.

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं."

ती एका पालथ्या डब्यावर बसली. माझ्यासमोरचं रेशीम ओढून घेतलं, त्यावरच्या वेलीवरून बोट फिरवलं. "ह्यो कोण काढतोय? वळणावर हात दाबतोय त्येचा." मग माझ्याकडं बघितलं आणि तिचा आवाज चढला. कोल्हापुरात बोलतात तसाच, सगळी शेड ऐकेल असा. "नऊ वर्षं जळलो मी तुझ्यावर. भाकऱ्या थापताना जळलो, पोरी निजवताना जळलो. माझ्या जागेवर धाकटी बसली म्हणून. आन् तुला ती जागा मिळालीच न्हवती व्हय! न्हाय, मी जळलो ते कशासाठनं?"

मी रडले नाही. रडायचा जोर नव्हता. "लाज वाटली," एवढंच म्हणाले.

आवाज ऐकून मॅडम आल्या. मी सांगितलं, ही माझी बहीण, ते चार तुकडे हिचे. मॅडमना ते आठवत होते. त्यांनी आपाला पुढच्या खोलीत नेलं, एका तुकड्यासमोर बसवलं, मेणाचं भांडं जवळ ठेवलं. आपानं बांगड्या मागं सारल्या आणि ब्रश बुडवला. पहिलं वळण जुन्या आपाचं आलं. दुसऱ्या वळणावर हात अडला, थेंब पडला. तिनं परत सुरुवात केली, परत तिथंच अडली. मग ब्रश कडेला ठेवला, पदरानं बोटं पुसली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "हात गेला माझा." मॅडम म्हणाल्या, चार दिवस बसलात तर येईल. आपाची परतीची गाडी परवाची होती.

ती गेल्यावर तीन महिने पत्र आलं नाही. मग तिच्या थोरल्या लेकीच्या अक्षरात एक कार्ड आलं. सगळे खुशाल, मुलगी चौथी पास झाली, ह्या दिवाळीच्या सुट्टीत ये. बाकी काही नाही.

मी गेले. खांदा तेव्हा फारच दुखत होता. आपाच्या सोप्यात चटईवर पडले तर दुपार कधी सरली कळलं नाही. जाग आली तेव्हा दारात शेजारीण उभी होती, नवीन राहायला आलेली. "पावणं कोण म्हणायचं ह्ये?" तिनं विचारलं. मी डोळे मिटूनच पडून राहिले. आता आपा काय सांगेल, ते मला अब्बांच्या आवाजात आधीच ऐकू यायला लागलं, धाकटी रेशमावर चित्रं काढती.

"धाकटी भन माझी," आपा म्हणाली. "बंगलोरला असती. रेशमावरचं मेण काढायचं काम करती. लई वंगाळ काम हाय, हात बघा तिचं. निजू द्या तिला."

जे तिकडं राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, ते सगळे मला विचारतात, तुझं घर आता कुठलं. बंगलोरात माझी मुलं आहेत, चूल आहे, माझ्या नावाचं रेशनकार्ड आहे. कोल्हापुरात माझं काही नाही. पण त्या दुपारी मी कूस बदलली, हात ओढणीबाहेर तसेच राहू दिले, आणि दिवेलागणीपर्यंत पुन्हा झोपले.